प्रॅक्सिस परीक्षेचा ऑनलाइन तयारीवर्ग : उजळणीला चांगला, एका विषयात तोकडा

शाळेतील वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाच्या वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी अमेरिकेतील काही राज्ये ‘आशा’ (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) या व्यावसायिक संस्थेचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी, किमान ३६ आठवड्यांत १,२६० तासांचे मार्गदर्शनाखालील काम आणि प्रॅक्सिस परीक्षेत १६२ गुण लागतात. या परीक्षेसाठी मी एक ऑनलाइन वर्ग लावला होता. १५० मिनिटांत १३२ प्रश्न सोडवण्याचा सराव तिथे उत्तम होतो, आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तराखाली ते का चुकले याचे स्पष्टीकरण मिळते. गिळण्याच्या विकारांवरील भाग मी तीनदा पाहिला, कारण शाळेत रोज उच्चारदोष आणि तोतरेपणा हाताळताना तो विषय मागे पडतो.

द्विभाषिक मुलांच्या मूल्यमापनावर मात्र अवघी एक चित्रफीत आहे, ही मला गंभीर उणीव वाटते. घरी मराठी बोलणारे मूल इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखेच उच्चारते, तेव्हा तो भाषांमधला फरक असतो, विकार नव्हे, हे नवख्या तज्ज्ञाला ठामपणे सांगायलाच हवे. शंकेचे उत्तर यायलाही आठवडा लागला. अनुभवी व्यक्तीने उजळणीसाठी हा वर्ग जरूर लावावा. नवख्यांनी सोबत पाठ्यपुस्तक ठेवावे.