स्वस्तातली बाउंडरी स्कॅन चाचणी : काही महिने वापरल्यावर

बाउंडरी स्कॅन म्हणजे चिपमधल्या जेटॅग या चाचणी-जोडणीतून पिना हलवून आणि वाचून बोर्डावरच्या जोडण्या तपासणं. एफटी२२३२एच चिपवरचा साधा यूएसबी-जेटॅग अ‍ॅडॉप्टर, यूआरजेटॅग हे मुक्त सॉफ्टवेअर आणि पायथनमधल्या थोड्या घरच्या स्क्रिप्ट, एवढाच आमचा संच. गेले काही महिने आमच्या छोट्या बॅचमधला प्रत्येक बोर्ड आधी याच्यावर चढतो. बोर्डावर एक एफपीजीए (आतली रचना नंतर भरता येणारी चिप) आणि एक प्रोसेसर, दोन्ही बीजीए पॅकेजमधले. सोल्डरचे गोळे चिपच्या पोटाखाली असल्यामुळे प्रोब तिथे पोचत नाही आणि एक्स-रे यंत्र आमच्याकडे नाही. व्यावसायिक संच उत्तम असतात, पण थोडेच बोर्ड काढणाऱ्याला त्यांचं लायसन्स परवडत नाही. म्हणून हा मार्ग धरला, आणि तो मी मनापासून सुचवतो.

सगळ्यात मोठी सोय ही की फर्मवेअर लागतच नाही. आयईईई ११४९.१ हे मानक १९९० पासूनचं आहे. त्यानुसार चिपच्या बहुतेक डिजिटल पिनांमागे एकेक स्कॅन सेल असतो आणि एक्सटेस्ट ही सूचना दिली की पिनांचा ताबा आपल्याकडे येतो. या चिपवरून १ सोडायचा, त्या चिपवर काय पोचलं ते वाचायचं. बूट न होणारा कोरा बोर्डसुद्धा असा तपासता येतो. पूर्वी अशा बोर्डावर दोष सोल्डरचा की कोडचा, यावरच दिवस जायचा.

जोडणी एकेक करून तपासत बसावं लागत नाही. प्रत्येक जोडणीला वेगळा बायनरी क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांचे क्रमांक एकदमच बिटामागून बिट असे सोडायचे. सगळे ० आणि सगळे १ हे दोन क्रमांक वगळायचे, म्हणजे ग्राउंडला किंवा सप्लायला चिकटलेली जोडणी लगेच ओळखू येते. १००० जोडण्यांना १० पॅटर्न पुरतात. तेच उलटे करून पुन्हा सोडले तर २०. एका बोर्डावर शेजारच्या दोन अ‍ॅड्रेस लाइन एकच क्रमांक परत द्यायला लागल्या आणि शॉर्ट कुठे आहे ते तिथल्या तिथे कळलं. नुसत्या डोळ्यांनी तो कधीच दिसला नसता.

कष्ट पडतात ते बीएसडीएल फाइल (चिपच्या पिना आणि स्कॅन सेलचं वर्णन) आणि नेटलिस्ट (बोर्डावर कोणती पिन कुठे जोडली त्याची यादी) जुळवताना. फाइल नेमक्या पॅकेजची हवी. त्याच चिपच्या दुसऱ्या पॅकेजची घेतली तर पिनांची नावं आणि जागा जुळत नाहीत. फाइलमधल्या अटीही वाचायला हव्यात, कारण काही चिपमध्ये एखादी पिन ठरावीक पातळीवर धरून ठेवल्याशिवाय स्कॅन नीट चालत नाही. एफपीजीए कॉन्फिगर झाला की काही पिनांचं वागणं बदलतं, म्हणून आम्ही तो रिकामा ठेवूनच चाचणी घेतो. एसटीएम३२एफ४ सारख्या चिपमध्ये एकामागे एक असे दोन टॅप (जेटॅगचे नियंत्रक) असतात, एकाचा सूचना रजिस्टर ५ बिटांचा, दुसऱ्याचा ४. साखळीचा हिशोब तिथे हमखास अडतो. आणि जेटॅगऐवजी फक्त एसडब्ल्यूडी ही दोन तारांची डिबग जोडणी असलेल्या एसटीएम३२एफ० सारख्या छोट्या चिपवर हे तंत्र चालतच नाही.

याच वाटेने एसपीआय फ्लॅश (बोर्डावरची कायमस्वरूपी मेमरी चिप) लिहिण्याचा मोह टाळा. स्कॅन रजिस्टर ८०० सेलचा आणि टीसीके (जेटॅगचा क्लॉक) १० मेगाहर्ट्‌झ धरला तर सगळे सेल एकदा सरकवण्याच्या एका फेरीला ८० मायक्रोसेकंद. एसपीआयच्या प्रत्येक बिटाला दोन फेऱ्या, म्हणजे एका मेगाबाइटला निव्वळ सरकवण्यातच २२ मिनिटांच्या वर. त्याऐवजी एफपीजीएमध्ये जेटॅग-एसपीआय पूल बनवणारी छोटी बिटस्ट्रीम (एफपीजीएची रचना ठरवणारी फाइल) टाकून ओपनओसीडी या मुक्त सॉफ्टवेअरने लिहिलेलं कितीतरी बरं.

हार्डवेअरकडे दोन गोष्टी जपाव्यात. एफटी२२३२एचच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, त्यामुळे १.८ व्होल्टवर चालणाऱ्या पिनांच्या गटाला (बँकेला) व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवाच. केबल आखूड ठेवावी. टीसीकेवर रिंगिंग (सिग्नलच्या कडेला होणारी थरथर) असलं की आयडीकोडसुद्धा (चिपचा ओळख क्रमांक) दर वेळी वेगळा येतो. अशा वेळी आधी क्लॉक १ मेगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणून बघावं.

डिकपलिंग कपॅसिटर गळाला, सप्लायवर रिपल (व्होल्टेजचे बारीक चढउतार) आहे, सिग्नल वेगात बिघडतोय, यांतलं काहीही या चाचणीत सापडत नाही. कपॅसिटरमधून जाणाऱ्या डिफरन्शियल जोड्यांसाठी २००३ चं ११४९.६ मानक आहे, पण ते चिपमध्येच असावं लागतं. डीडीआर३ मेमरी आम्ही फर्मवेअरनेच तपासतो. डीडीआर४ च्या अनेक चिपमध्ये टीईएन पिनने चालू होणारा कनेक्टिव्हिटी टेस्ट मोड असतो. तो वापरायचा तर ती पिन आराखड्यातच ताब्यातल्या पिनेला जोडून ठेवावी.

पुढच्या आवृत्तीत जेटॅगचा कनेक्टर बोर्डाच्या कडेला घेतलाय, टीसीकेला सिरीज रेझिस्टर दिलाय आणि साखळीतल्या प्रत्येक चिपला वगळता येईल असे जंपर ठेवलेत.