बोल्टची नेक की चिकटवलेली, साग की शिवण? पहिली गिटार घरी बनवण्याआधी

घरच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक गिटार बनवायची म्हटलं की पोरं आधी पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारी कॉइल) आणि रंगावर येतात. ते दोन्ही पुढे कधीही बदलता येतं. आधी ठरवायचं ते नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, बॉडीला कशी बसवायची आणि बॉडी कुठल्या लाकडाची घ्यायची, सागाची की शिवणीच्या झाडाची. मी इथे चंद्रपूर-गडचिरोलीकडचं गाव डोळ्यासमोर ठेवलंय: टिनाची शेड, सिंगल फेज लाइन, तालुक्याला आरामशीन, आणि पार्सल आणायलाही तालुक्यालाच जायचं.

नेक जोडायच्या रूढ पद्धती दोन. अमेरिकन गिटारकार लिओ फेंडरच्या 1950 च्या गिटारीत नेक चार स्क्रूंनी आवळलेली होती, हिलाच बोल्टची नेक म्हणतात. गिब्सन कंपनीच्या 1952 च्या लेस पॉल गिटारीत ती खाचेत बसवून चिकटवलेली होती. नेकची पट्टी बॉडीच्या शेवटापर्यंत अखंड नेतात अशी तिसरीही पद्धत आहे. पण तिला जवळपास मीटरभर लांबीची, सरळ नसेची, बिनगाठीची फळी लागते. पहिल्या गिटारीसाठी तिचा विचारच नको.

बोल्ट आणि गोंद यातला खरा फरक कळतो कोनात. फेंडरची स्केल 648 मिमी, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारेची मोकळी लांबी तेवढी. बारावा फ्रेट, म्हणजे नेकवरची बारावी आडवी धातूची पट्टी, 324 मिमीवर येतो. त्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिमी असली की हाताला बरं वाटतं. आता नेकची खाच अर्धा अंश तिरकी झाली, तर ब्रिजपाशी दोन मिमीहून जास्त फरक पडतो. हाताने धरायच्या ट्रिमरवर (छोट्या राउटरवर) आणि घरी कापलेल्या प्लायच्या टेम्प्लेटवर अर्धा अंश सहज जातो. बोल्टची नेक असेल तर स्क्रू काढायचे, खाचेत विनियरचा तुकडा घालायचा, पुन्हा आवळायचं. दहा मिनिटांचं काम. चिकटवलेल्या नेकचा कोन गोंद सुकला की पक्का. लेस पॉलसारख्या उंच ब्रिजला तर नेक मुळातच चारेक अंश मागे झुकवावी लागते, म्हणजे चुकायला आणखी जागा.

मग येतो आपला उन्हाळा. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते, ऑगस्टमध्ये 80 च्या वर जाते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आखडतं. पावसाळ्यात बनवलेल्या नेकच्या कडेवरून एप्रिलमध्ये बोट फिरवून बघा: फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं टेकायची फळी) आखडलेला असतो, धातूचे फ्रेट आहेत तेवढेच राहतात, आणि त्यांची टोकं करवतीच्या दात्यांसारखी बोटाला ओरखडतात. तारांचा ताण असतोच, दहाच्या सेटला (सर्वात बारीक तार 0.010 इंचाची) सगळ्या मिळून 45 किलोच्या आसपास. नेकच्या आतली धातूची सळई, ट्रस रॉड, तो वाक बराचसा सांभाळतो, पण ऋतू बदलला की नेकला पुन्हा हात लावावा लागतो. टेबलावर सुटी ठेवलेली नेक दुरुस्त करणं आणि अख्ख्या बॉडीला चिकटलेली नेक दुरुस्त करणं यातला फरक करून बघितल्याशिवाय कळत नाही.

गोंदाचीही अडचण आहे. दुकानात सहज मिळतो तो सुतारकामाचा पांढरा गोंद. फर्निचरला तो उत्तम. पण सततच्या ताणाखाली, तेही तापलेल्या टिनाखाली, तो हळूहळू सरकतो. नेक चिकटवायचीच असेल तर सुतारकामाचा पिवळा गोंद मागवा, किंवा सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी घ्या. जुन्या पद्धतीचा सरस ताणाला चांगला, पण तो गरम ठेवून भराभर काम उरकावं लागतं आणि दमट हवेत त्याचा भरवसा नाही.

चिकटवलेल्या नेकची बाजूही सांगतो. बोल्टच्या गिटारीत मागे खांदा आणि प्लेट येते, वरच्या फ्रेटवर वाजवताना तळहात तिथे अडतो. चिकटवलेल्या नेकमध्ये तो भाग तासून गोल करता येतो, आणि ते दिसतंही सुरेख. नाद जास्त टिकतो असं जे म्हणतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. स्टेजवर ड्रम चालू असताना तो फरक कुणी ओळखून दाखवावा. गिटार स्वतःसाठी असेल, चोख कोनाची खाच करायला हात बसला असेल आणि गोंद सुकेपर्यंत क्लॅम्पमध्ये ठेवायला सावलीची खोली असेल, तर चिकटवा. नाहीतर पहिल्या दोन-तीन गिटारी बोल्टच्याच करा. गिऱ्हाइकासाठी बनवणार असाल तर नक्कीच, कारण नागपूरचा किंवा पुण्याचा माणूस नेक बिघडली म्हणून अख्खी गिटार तुमच्याकडे पाठवणार नाही. नुसती नेक पाठवेल.

आता लाकूड. इथे साग घ्यायचा मोह आवरत नाही. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाचं नाव देशभर आहे, आणि पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया आपल्याकडे मिळतात. वर्षानुवर्षं वाळलेला असा साग नव्यापेक्षा कधीही बरा, कारण तो फारसा हलत नाही. पण वजन बघा. सागाची घनता घनमीटरला साधारण 650 किलो, शिवणीची 450 ते 500. त्याच आकाराच्या बॉडीत अर्धा ते पाऊण किलोचा फरक पडतो. रात्रभराच्या कार्यक्रमात पट्टा खांद्यात रुततो तेव्हा तो पाऊण किलो जाणवतो. सागच हवा असेल तर आतून कप्पे पोकरा. फेंडरनेही 1968 च्या थिनलाइन गिटारीत वजन कमी करायला हेच केलं होतं.

सागाच्या आणखी दोन खोड्या. त्यात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर ॲसिटोनचा बोळा फिरवावा लागतो. आणि त्यात सिलिका असते, ती राउटरच्या बिटची धार खाते. जुन्या तुळईत खिळेही मोडून राहिलेले असतात. फुटक्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळू फिरवा. जिथे दोरा ओढला जातो तिथे खडूने गोल करा. खिळा काढल्याशिवाय ट्रिमर चालू करू नका.

शिवण मऊ, हलकी, कापायला सोपी. लाइन मध्येच गेली तर पटाशी आणि पॉलिश पेपरवर काम पुढे सरकतं. सागात तसं करायला दम लागतो. तोटा एवढाच की ती पटकन दबते. आणि बॉडी कुठलीही असो, नेकचे स्क्रू पुन्हापुन्हा काढले-घातले तर नेकमधली भोकं सैल होतात. म्हणून स्क्रूऐवजी नेकमध्ये आट्यांचे पितळी इन्सर्ट बसवून मशीन बोल्ट वापरा. नेकसाठी मात्र शिवण घेऊ नका. तिथे साग, सरळ नसेचा, गाभ्याचा, फिंगरबोर्डला शिसम.

तर माझी निवड: शिवणीची बॉडी, सागाची नेक, बोल्टने जोडलेली. लाकूड नवं घेतलं तर आरामशीनची पावती जपून ठेवा. साग जिल्ह्याबाहेर न्यायचा तर वाहतूक परवान्याचं वनखात्यात आधी विचारून घ्या. फ्रेटची टोकं एप्रिल-मेमध्ये घासा, म्हणजे ती पुन्हा बाहेर येणार नाहीत. लॅकर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. ते दिवस वायरिंगला ठेवा.

वायरिंगवरून आठवलं, पिकअपचा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ सुटलेलाच आहे. सिंगल कॉइलचा आवाज चकचकीत खरा, पण गावातल्या लाइनवर आणि मांडवातल्या लाइटच्या डिमरजवळ तो नुसता घोंघावतो. दोन उलट्या कॉइलचा हमबकर ती घरघर कापतो. तोच लावा, आणि कप्प्यांना आतून तांब्याची पट्टी चिकटवून तारांच्या ग्राउंडला जोडा. ॲम्प लावायच्या आधी सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. बऱ्याच घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, आणि गिटारच्या तारा हातात असताना माइकला ओठ लागले तर झटका बसतो.