जुन्या फोटोंची दुरुस्ती, राम आळी, रत्नागिरी : पाचपैकी साडेचार

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलंय. हातात आहे तेवढंच काम उरकत नाही म्हणाले. राम आळीत पहिल्या मजल्यावर आहे, विचारलंत तर कोणीही दाखवील.

माझं काम होतं आप्पाकाकांच्या फोटोचं. आप्पाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मुंबईत शिकायला होते तेव्हाची ही कॉलेजची फुटबॉल टीम, साल 1951-52. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली छापील नावं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तो खालच्या खोलीत भिंतीवर होता. फ्रेमवरचा चिखल आम्ही धुतला, पण आतला फोटो काचेला चिकटला तो चिकटलाच, आणि पुढच्याच पावसात त्याला बुरशी धरली.

भाच्याने आधी मोबाइलवर टिपून एका ऑनलाइन सेवेला पाठवला. तिकडून आलेल्या फोटोत सगळ्यांचे चेहरे लोण्यासारखे गुळगुळीत, जर्सी जांभळ्या आणि अकराच्या अकरा जणांच्या पायांत चकचकीत बूट! मी शाळेत पीटी शिकवण्यात उभी नोकरी काढली, मला हे बघवेना.

मूळ फोटोत गोलकीपर आणि एक बॅक सोडला तर सगळे अनवाणी आहेत. घोट्यांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पैसे नव्हते म्हणून असं नाही, आपल्याकडे खेळायचे तसेच. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले होते. दोन पेनल्टी हुकल्या आणि फ्रान्सकडून 2-1 असे हरलो. मार्च 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला 1-0 हरवून सुवर्ण घेतलं, गोल मेवालालचा. मग 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 धुतलं, आणि त्यानंतर आपल्याकडे बुटांचा आग्रह सुरू झाला. आप्पाकाकांचा सीझन नेमका त्याच्या आधीचा. त्या पायांत बूट चढवले तर फोटोचं सालच खोटं ठरतं.

काका सांगायचे, मुंबईचा फुटबॉल पावसाळ्यातला, मैदानात घोटाभर चिखल. बूटवाला रुतायचा आणि अनवाणी पोरगा त्याच्या बाजूने सटकायचा. नाडी बांधलेला चामड्याचा चेंडू पाणी पिऊन धोंड्याएवढा जड व्हायचा, हेड मारताना नाडी कपाळाला लागली की सोलवटून निघायचं. आंतरकॉलेज सेमीफायनल ते एका गोलने हरले, ते मात्र काका एका वाक्यात उरकायचे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेत हैदराबाद पोलिसांचा खेळ पाहिला तो तासभर सांगायचे, आणि सांगण्यासारखाच होता. त्या टीमने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं तो कप कोणाला दिला नाही.

तर रत्नागिरीच्या या माणसाने आधी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, काच काढायला मी हात लावणार नाही. भिजल्यावर वरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि वाळताना काचेला धरतो. ओढलं की चेहरे काचेबरोबर गेले." स्कॅनरवरही टाकला नाही. फोटो टेबलावर आडवा, वर स्टँडला कॅमेरा, दोन बाजूंनी तिरके दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारे फिल्टर, आणि काचेत काही उमटू नये म्हणून भोवती काळं कापड. तुकड्यातुकड्याने टिपून नंतर जोडला. मला शेजारी बसू दिलं, चहाही आला.

दुरुस्ती स्क्रीनवर, पण हाताने. बुरशीचे ठिपके आणि ओरखडे एकेक करून काढले. खाली बसलेल्या दोघांचे पंजे बुरशीने पार खाल्लेत. तिथे त्यांनी बाजूच्या जमिनीचा करडा रंग हलकेच मिसळला, एवढंच. बोटं काढून देता येतील का, असं मी मुद्दाम विचारून पाहिलं. "येतील ओ, पण ती त्यांची नसतील," म्हणाले. चेंडूवर पांढऱ्या रंगात साल लिहिलंय, त्यातला शेवटचा आकडा गेलाय, तोही तसाच ठेवला. साल खालच्या पुठ्ठ्यावर छापलेलं आहेच. नावांच्या ओळीत चार नावं पुरात गेली, त्या जागा कोऱ्या. जर्सीचा खरा रंग घरात कोणाला माहीत नाही म्हटल्यावर रंग भरायचा विषय त्यांनीच मिटवला.

हातात दोन फायली मिळतात : एक जशी टिपली तशी, एक दुरुस्त केलेली. पुढे कोणाला शंका आली तर दोन्ही शेजारी लावून बघता येतात. मोठ्या प्रिंटसकट 1,800 रुपये झाले. ऑनलाइनवाल्यांच्या मानाने महाग, पण ते पैसे कशाचे ते दिसतं.

अर्धा गुण कापला तो फ्रेमिंगचा. एवढी काळजी घेऊन काढलेला प्रिंट तिथल्या पोराने थेट काचेला टेकवून बसवला होता! मी परत उघडायला लावला. तुम्ही गेलात तर ऑर्डर देतानाच काच आणि फोटोच्या मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, पैसे थोडेच वाढतात. आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून घ्या, म्हणजे आपल्याकडच्या ओल्या भिंतीपासून ती बोटभर सुटी राहते. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. जिना उभा आहे, वडीलधाऱ्यांना वर नेऊ नका, मालक स्वतः खाली येऊन फोटो बघतात.