पांढरं कोटिंग: उन्हाला उत्तम, गळतीला अपुरं

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. त्या दशकातल्या कॉलेज इमारतींचे स्लॅब आता साठी ओलांडून गेलेत. अशा गच्चीसाठी ठेकेदार हमखास पुढे करतो ती पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक कोटिंगची वीस लिटरची बादली. उन्हासाठी पाचपैकी चार गुण. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वर्गात फरक जाणवतो, शिवाय स्लॅबचं फुगणं-आकसणं कमी झाल्याने भेगाही कमी वाढतात.

गळतीसाठी दोनच, तेही माल पुरेसा पडला तर. चौरस मीटरला एक लिटर लावलं की ओला थर १ मिलिमीटर होतो, वाळून निम्म्याच्या आसपास उरतो. म्हणजे एक बादली जेमतेम २१५ चौरस फुटांची. तीच पाणी घालून पाचशे फुटांवर पसरली की पापुद्रे निघणारच. कोटेशनमध्ये नुसतं ‘दोन हात’ चालवून घेऊ नका, बादल्यांची संख्या लिहून घ्या. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लावलं तर वर साय धरते आणि आत वाफ कोंडून फोड येतात. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

मूळ दुखणं बहुतेकदा कोब्यात (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि मॉर्टरचा थर), वाट्यात (गच्चीचा कठडा आणि स्लॅब मिळतात तिथली गोलाई) आणि पाणी उतरण्याच्या पाइपच्या तोंडाशी असतं. जुन्या कोब्यावर नवा कोबा तर मुळीच नको. १०० मिलिमीटरचा ब्रिकबॅट कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो, आणि खालची सळई किती खाल्ली गेलीय हे कुणी पाहिलेलं नसतं. ते आधी पाहा: स्लॅबच्या तळाचं काँक्रीट थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारा. गुलाबी झालं तर ठीक. रंग आलाच नाही तर काँक्रीट कार्बोनेट झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा अल्कधर्मीपणा गेलाय, सळईला गंजापासून संरक्षण उरलेलं नाही. तिथल्या खपल्या काढून, सळई मागूनही मोकळी करून, तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरायचं. वर जुना कोबा काढून १०० ला १ उतार, पॅरापेटलगत वाटा, मग ४८ तास पाणी साठवून चाचणी. कोटिंग सगळ्यात शेवटी.

सोलर बसवायचं असेल तर पेडेस्टल (पॅनेलच्या पायांखालचे काँक्रीटचे ठोकळे) कोटिंगच्या आधीच ओतून घ्या, भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून. नंतर ड्रिल मारून पाय ठोकले तर पाणी तिथूनच उतरतं. आणि आपल्याकडची धूळ बघता पांढरेपणा टिकत नाही. दर मार्चमध्ये गच्ची धुवावी लागते, पाण्याची सोय असली तर.