व्हायोलिनचं नोटेशन वाचायला म्यूझस्कोर: काय जमतं, कुठे सावध राहायचं

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकणाऱ्या व्हायोलिनवादकाने म्यूझस्कोर स्टुडिओ हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर जरूर घ्यावं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे. मात्र त्याच नावाच्या संकेतस्थळाशी गल्लत नको. लोकांनी तिथे टाकलेल्या स्वरपत्रिका उतरवून घ्यायला वर्गणी मागतात. तिचा या प्रोग्रॅमशी संबंध नाही. फोनवरचं ॲपही त्या संकेतस्थळाचं, वाचण्या-ऐकण्यापुरतं. लिहायला संगणकच लागतो.

याचा खरा उपयोग ऐकण्यापेक्षा लिहिण्यात आहे. नवीन स्कोअर उघडून वाद्यांत व्हायोलिन निवडा, ट्रेबल क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवणारी खूण) आपोआप येतो. एन दाबलं की लेखन सुरू. आकड्याने स्वराची लांबी ठरते: ५ म्हणजे क्वार्टर नोट, ६ म्हणजे त्याच्या दुप्पट हाफ, ४ म्हणजे निम्मी एट्थ. मग ए ते जी या अक्षरांनी स्वर. स्वर भलत्याच सप्तकात पडला तर कंट्रोल धरून वरचा किंवा खालचा बाण.

आधी चार मोकळ्या तारा लिहा. जी पाच रेषांच्या खाली, दुसऱ्या जोडरेषेच्याही खाली. डी सर्वांत खालच्या रेषेला खालून टेकलेला. ए खालून दुसऱ्या गाळ्यात, ई सर्वांत वरच्या गाळ्यात. चौघांपैकी एकही रेषेवर नाही. आता प्रत्येक तारेवरचे बोटांचे स्वर भरत जा. साध्या स्केल्समध्ये, पहिल्या पोझिशनला (हात खुंट्यांच्या बाजूला), पहिलं आणि तिसरं बोट रेषेवर येतं. मोकळी तार, दुसरं आणि चौथं बोट गाळ्यात. तारा सा-प अंतराने लावलेल्या असल्यामुळे हे चारही तारांवर तसंच राहतं. एवढं डोळ्यात बसलं की स्वराचं नाव आठवायच्या आत बोट पडायला लागतं. हा तक्ता स्वतःच्या हाताने लिहिलेलाच लक्षात राहतो, म्हणून तयार तक्ता शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या की सिग्नेचरमध्ये, आणि भातखंडे लिपी वाचणाऱ्यांच्या तर हमखास. तिथे कोमल स्वराखालची आडवी रेघ प्रत्येक वेळी दिसते. इथे शार्प-फ्लॅटची (स्वर अर्ध्या पायरीने वर किंवा खाली करणारी) खूण ओळीच्या सुरुवातीला एकदाच, पुढे ध्यानात ठेवायचं. डी मेजरमध्ये एफ आणि सी दोन्ही शार्प, म्हणून डी तारेवर दुसरं बोट तिसऱ्याला चिकटतं. सी मेजरमध्ये तेच दुसरं बोट पहिल्याला चिकटतं. कागदावर मात्र स्वराची जागा तीच! डी-ई-एफ-जी हे चार स्वर एकदा डी मेजरमध्ये, एकदा सी मेजरमध्ये लिहा आणि स्पेसबार दाबून दोन्ही ऐका. फरक कानाला लगेच कळतो, मग तो बोटांना शिकवायचा.

स्टाफवर राइट-क्लिक करून स्टाफ प्रॉपर्टीजच्या प्रगत भागात गेलात, तर नोटहेड स्कीम (स्वराच्या गोळ्याची तऱ्हा) बदलता येते. ‘पिच नेम्स’ निवडलं की प्रत्येक स्वराच्या पोटात त्याचं अक्षर छापलं जातं. सुरुवातीचे काही दिवस ठीक, त्यानंतर काढाच. तसं न केल्यास डोळे अक्षरं वाचतात, जागा वाचत नाहीत. कोणतं बोट ठेवायचं ते सांगायला स्वरांजवळ लिहिलेल्या आकड्यांचंही तेच. एका आकड्यावर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट’मधून त्याच्यासारखे सगळे निवडा आणि व्ही दाबा, छापताना आकडे येणार नाहीत. पोझिशन बदलते तिथला आकडा तेवढा ठेवा.

प्लेबॅक हे या प्रोग्रॅमचं बलस्थान, आणि शिकणाऱ्याला सगळ्यात मोठा धोकाही तोच. दोनदा ऐकलं की चाल पाठ होते आणि वाचन थांबतं. गोव्याच्या पॅरिश शाळांत सोल्फेज्यो, म्हणजे स्वरनावं म्हणत वाचन, पक्कं करून घेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोवेकर व्हायोलिनवादक समोर आलेला कागद थेट वाजवायचे, त्यामागे ही तयारी होती. तेव्हा एफ १० दाबून मिक्सर उघडा, व्हायोलिन म्यूट करा, मेट्रोनोम आणि काउंट-इन (सुरुवातीआधीचे मोजणीचे ठोके) चालू ठेवा, लय साठ टक्क्यांवर आणा. आधी स्वतः वाजवा, नंतर म्यूट काढून पडताळा. अडलेले दोन बार (उभ्या रेघांमधले मात्रांचे गट) निवडून लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहतील असे, टाकता येतात, ही सोय फार कामाची.

काही गोष्टी याच्याकडून मिळणार नाहीत. तुमचं वाजवणं तो ऐकत नाही, त्यामुळे बेसूर झाल्याचं सांगणार नाही. त्याचा सूरही समान विभागणीचा (सप्तकाचे बारा सारखे भाग), म्हणून कानाने शुद्ध पंचमात लावलेली जी तार त्याच्यापेक्षा किंचित खाली लागते; एवढ्यावरून खुंट्या पिळू नका. गजाच्या खुणा तो छापतो, पण गज कुठे उलटायचा ते शिक्षकाकडूनच शिकावं. एकच खूण नीट ओळखा: सारख्याच उंचीच्या लागोपाठच्या दोन स्वरांना जोडणारी कमान म्हणजे टाय, दुसरा स्वर वेगळा वाजवायचा नाही, वेगवेगळ्या स्वरांवरची कमान म्हणजे स्लर, सगळे एका गजात.

सराव शक्यतो कागदावर छापून करा. पडद्यावर सरकणारी पट्टी नजरेला ओढत नेते आणि पुढचा बार आधी बघायची सवय लागत नाही. पेज सेटिंग्जमध्ये स्टाफ स्पेस २ मिलिमीटर केली, तर स्टँडवर ठेवलेला कागद हातभर अंतरावरून आरामात वाचता येतो.