एकाच केबलमधून वीज आणि डेटा: सोसायटीतील पीओई कॅमेऱ्यांचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

मुलुंड पूर्वेतील आमच्या जुन्या, चार मजली सोसायटीत गेल्या हिवाळ्यात पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या) पद्धतीचे सहा कॅमेरे आणि गच्चीच्या जिन्यात एक वायफाय ॲक्सेस पॉइंट बसवला. आता पूर्ण पावसाळा उलटला आहे. कॅमेऱ्यांच्या चित्राविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते त्यांना जोडणाऱ्या केबलविषयी, कारण या व्यवस्थेचे यशापयश मुख्यतः तिच्यावर ठरते, असे माझे मत झाले आहे.

नेटवर्क केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. डेटा वाचला जातो तो जोडीतील दोन तारांमधल्या विद्युतदाबाच्या फरकावरून. वीज मात्र ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपमधून दोन्ही तारांवर सारखीच चढवली जाते. ती एका जोडीतून जाते व दुसरीतून परतते, त्यामुळे फरक बदलत नाही आणि डेटाला बाधा येत नाही. दाब साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. पलीकडचे उपकरण पीओईचे आहे की नाही, हे स्विच (सगळ्या केबल ज्याला जोडतात ते नेटवर्क यंत्र) आधी अगदी कमी दाबाने तपासतो आणि सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध आढळला तरच पूर्ण वीज सोडतो. म्हणूनच त्याच स्विचला लॅपटॉप जोडला तरी काही बिघडत नाही. बाजारातील स्वस्त २४ व्होल्टच्या ‘पॅसिव्ह’ संचांत ही तपासणी नसते. ते मी सुचवणार नाही.

पीओईच्या २००३ च्या ८०२.३ एएफ मानकानुसार स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट मिळतात, पण उपकरणाला १२.९५ वॉटचीच हमी असते. उरलेले २.४५ वॉट म्हणजे शंभर मीटर केबलच्या २० ओहम रोधात ३५० मिलिॲम्पिअर प्रवाहाने होणारी उष्णता. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध सुमारे दीडपट असतो, म्हणजे हा हिशेबच कोलमडतो. आम्हाला एका कंत्राटदाराने तशीच केबल ‘सगळीकडे हीच वापरतात’ असे सांगून दाखवली होती. तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. आम्ही शुद्ध तांब्याची कॅट ६ घेतली. ती महाग पडली, आणि त्यावरून कमिटीत बरीच चर्चाही झाली.

स्विच घेताना पोर्टांच्या संख्येपेक्षा एकूण वॉट पाहावेत. आठ पोर्टांचे अनेक स्विच सर्व पोर्टांना मिळून साठ वॉटच देतात. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्यांची गरज वाढते, आणि असा स्विच भर दुपारी उत्तम चालून रात्री एखादे पोर्ट बंद करू शकतो. आम्ही एकशेवीस वॉटचा घेतला.

पावसाळ्यात बाहेरच्या एका कॅमेऱ्याचा जोड मात्र हिरवा पडला. ओलाव्यात डीसी दाब असलेल्या पिना साध्या डेटाच्या पिनांपेक्षा लवकर गंजतात, म्हणून जोड नेहमी बंदिस्त डब्यात असावा आणि केबल डब्यात शिरण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. तो जोड बदलल्यावर तक्रार आली नाही.

सर्वांत मोठी सोय यूपीएसची. मीटर रूममधील एकाच यूपीएसवर सगळे कॅमेरे चालतात, आणि भिंतीभिंतीवर २३० व्होल्टचे पॉइंट काढावे लागले नाहीत. मुंबईत वीज क्वचित जाते हे खरे. तरी मुंबईभर वीज गेली तो १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस सभासद विसरलेले नाहीत.

फाटकावर फिरता कॅमेरा बसवण्याचा प्रस्ताव सध्या कमिटीपुढे आहे. त्याला २००९ च्या ८०२.३ एटी मानकाची, म्हणजे पोर्टवर ३० वॉटची, वीज लागेल. स्विच बदलण्यापेक्षा त्या एका केबलपुरता इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे छोटे उपकरण) लावणे स्वस्त आहे. मात्र तोही याच यूपीएसवर घ्यावा लागेल.