मोटारीला वायफाय जोडायचंय, पण बोर्ड कुठला घ्यावा?

निपाणीकडं आमच्या शिवारात थ्री फेज बहुतेक रात्रीच येतो. मग कुणीतरी बॅटरी घेऊन उसातनं विहिरीवर जायचं आणि स्टार्टरचं बटण दाबायचं. हे काम घरबसल्या व्हावं म्हणून पंपाच्या स्टार्टरला वायफायचा छोटा कंट्रोल बोर्ड जोडायचं ठरवलं. बेळगावात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्यानं विचारलं, "मामा, कुठला बोर्ड आणू?" समोर पर्याय तीन होते: नोडएमसीयू, ईएसपी३२ आणि पिको डब्ल्यू.

नोडएमसीयू सगळ्यात स्वस्त. त्यावरची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ची. एकच कोर (हिशेब करणारा मेंदू), ब्लूटूथ नाही आणि सेन्सरचं कमीजास्त व्होल्टेज वाचायला पिन एकच. एक रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, चालवायला एवढं पुरतं. मी आधी तोच लावला आणि फसलो. रिले जोडला डी३ या पिनेला. लाइट आली की बोर्ड सुरू होताना रिले आपोआप 'टक' करायचा. टेबलावर त्याची गंमत वाटली. पण त्या वेळी मोटारीच्या कपलिंगपाशी कुणाचा हात असता तर? डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना चिप स्वतः वापरते. रिलेसाठी डी१, डी२ घ्या, त्या गप्प राहतात. आणि रिलेनं स्टार्टरची कॉइल तेवढी चालवायची, मोटारीचा करंट त्यातनं न्यायचा नाही. ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

ईएसपी३२ आला २०१६ला. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, वायफायसोबत ब्लूटूथही. मोटारीला एवढा वेग काय करायचाय म्हणा! मला तो आवडला पिना भरपूर म्हणून. विहिरीतली पातळी, जमिनीतला ओलावा, फेज आहे की नाही, सगळं एकाच बोर्डावर बसतं. एक खोड मात्र आहे: वायफाय चालू असताना एडीसी२ या गटातल्या, व्होल्टेज मोजणाऱ्या पिना सेन्सर वाचत नाहीत. ओलाव्याचा सेन्सर ३२ ते ३९ यांतल्याच पिनेला लावा, नाहीतर दिवसभर कोड तपासत बसाल.

पिको डब्ल्यू २०२२चा. मायक्रोपायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला इतका सुटसुटीत बोर्ड मला दुसरा दिसला नाही, आणि त्याची कागदपत्रंही नीट लिहिलेली आहेत. व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रविद्यापीठाच्या) मिनी प्रोजेक्टला भाच्यानं खुशाल तोच घ्यावा.

शिवाराला मात्र नको. घरचा राउटर विहिरीपर्यंत पोचत नाही, त्यात ऊस डोक्यावर गेला की सिग्नल आणखी मार खातो. ईएसपीच्या दोन्ही बोर्डांत ईएसपी-नाउ आहे. राउटर नसतानाही एक बोर्ड दुसऱ्याशी थेट बोलतो. म्हणून विहिरीवर ईएसपी३२, मधल्या गोठ्यावर निरोप पुढं ढकलायला जुना नोडएमसीयू आणि घरात आणखी एक ईएसपी३२, अशी साखळी आम्ही लावली. पिकोला ही सोय नाही.

वीजपुरवठ्यात कंजुषी नको. वायफाय निरोप सोडताना ईएसपी३२ क्षणभर दोन-अडीचशे मिलिअँपिअर ओढतो. हलका चार्जर असला तर बोर्ड पुन्हापुन्हा रिसेट होतो. हे तिन्ही बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर तो त्यांना दिसतच नाही. भाच्यानं यावर अख्खा रविवार घालवला आणि शेवटी शिव्या खाल्ल्या केबलनं.